सूतिकागृहाची किल्ली

कोकणीत सुइणीला ‘वैजीण’ म्हणतात. ‘वैज’ म्हणजे वैद्य आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘वैजीण’. व्याकरणाच्या न्यायाने पाहिले तर या शब्दाचा अर्थ ‘स्त्री-वैद्य’ असा व्हावयास हवा. परंतु गावातील कोणाही वृद्ध माणसास विचारावे. वैज तापावर काढा देतो, नाडी पाहतो, सर्पदंशावर मुळी उगाळतो; वैजीण मात्र बाळंतपण करते आणि तेवढेच करते. भाषेने स्त्रीला वैद्याची पदवी दिली खरी, पण ती एका खोलीपुरती. शहरात राहणाऱ्यांनी यावर हसू नये. मुंबईपासून इंदूरपर्यंत ‘लेडी डॉक्टर’ अशी पाटी दिसली की आत कोणत्या रोगांवर उपचार होत असतील, हे कोणासही विचारावे लागत नाही. वैजिणीचा शब्द जुना आणि पाटी नवी, एवढाच काय तो फरक.

ही गोष्ट आपोआप घडली काय? स्त्रीचा स्वभाव कोमल, म्हणून ती प्रसूतिशास्त्राकडे वळली, असे उत्तर सहज दिले जाते. इतिहास चाळू लागले की ते टिकत नाही. वैद्यकाच्या ज्या शाखेत स्त्रिया आज सर्वांत अधिक दिसतात, त्याच शाखेचे दार त्यांच्या तोंडावर आपटण्यात आले होते. आणि पुढे ते उघडले तेव्हा बाकीची दारे तशीच बंद राहिली. प्रस्तुत लेखात हीच कथा थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

आपल्या जुन्या व्यवस्थेत बाळंतिणीच्या खोलीत पुरुषास प्रवेश नव्हता. चरकसंहितेत सूतिकागाराचे वर्णन आहे आणि अनेक वेळा प्रसूत झालेल्या, अनुभवी व प्रेमळ स्त्रियांनी गर्भिणीजवळ असावे, असेही तेथे सांगितले आहे. घराच्या मागच्या बाजूची ती खोली, शेगडी, ओवा-शेपांची धुरी, दाराशी टांगलेला कडुनिंबाचा डहाळा. आणि सहाव्या रात्री बाळाचे भाग्य लिहावयास येणाऱ्या सटवीसाठी मांडलेली दौत-लेखणी. लिहिणारी देवताही स्त्रीच. त्या खोलीत सुइणीचा शब्द शेवटचा असे. या चित्राने भारावून जाण्याचे मात्र कारण नाही. नाळ कापावयास हाताशी येईल ते हत्यार घेतले जाई, मूल आडवे आले तर उपाय नसे आणि सूतिकाज्वराने किती तरुण मुली गेल्या याची गणती कोणी ठेवली नाही. खोलीची किल्ली स्त्रीच्या हाती होती, पण ज्ञानाच्या कोठाराची किल्ली तिला कोणी दिली नव्हती.

युरोपात या दोन किल्ल्यांची अदलाबदल कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. तेथेही सतराव्या शतकापर्यंत प्रसूती हे सुइणींचेच क्षेत्र होते. पुढे इंग्लंडात चेंबरलेन नावाच्या शस्त्रवैद्यांच्या घराण्याने अडलेले मूल बाहेर काढण्याचा चिमटा शोधून काढला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो गुप्त ठेवला. हे रहस्य अठराव्या शतकात बाहेर आले, आणि चिमट्याबरोबर पुरुष डॉक्टरही प्रसूतिगृहात आला. उपकरण पुरुषांचे, शिक्षण पुरुषांचे, विद्यापीठही पुरुषांचे. १७६० साली एलिझाबेथ निहेल नावाच्या लंडनमधील सुइणीने या नव्या पुरुष-सुइणींविरुद्ध चांगला जाडजूड ग्रंथ लिहिला. ग्रंथात राग पुष्कळ आहे, आणि तो सगळाच अनाठायी नाही. पण प्रवाह उलटला नाही. शंभर वर्षांत अशी स्थिती आली की प्रसूतिशास्त्र हे पुरुषांचे शास्त्र ठरले आणि सुईण ही एक अडाणी म्हातारी ठरली.

आता १८६९ सालाकडे वळू. सोफिया जेक्स-ब्लेक हिच्या नेतृत्वाखाली काही स्त्रियांनी एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकावयास प्रारंभ केला. त्यांत एडिथ पेची होती. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे ती मुंबईत आपल्याला भेटणार आहे. १८७० मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेत तिने जे यश मिळविले त्यामुळे होप शिष्यवृत्तीवर तिचा हक्क पोहोचत होता. ती स्त्री म्हणून शिष्यवृत्ती तिच्याखालच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास देण्यात आली. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्जन्स हॉलच्या दाराशी विद्यार्थ्यांच्या जमावाने या मुलींवर चिखल फेकला. अखेर विद्यापीठाने त्यांना पदवी दिलीच नाही.

त्याहून उद्बोधक प्रसंग १८७६ सालचा आहे. जेक्स-ब्लेक, पेची आणि इझाबेल थॉर्न या तिघींनी इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे प्रसूतिशास्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केले. कॉलेजने कायदेपंडितांचे मत घेतले, तेव्हा अर्ज नाकारता येत नाही असे निघाले. आता परीक्षा घेणे प्राप्त होते. अशा वेळी प्रसूतिशास्त्राच्या परीक्षकांनी राजीनामे दिले. परीक्षकच नाहीत, म्हणून परीक्षा नाही! याच्या दोनच वर्षे आधी, १८७४ मध्ये, लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळाने एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या नामांकित स्त्री-डॉक्टरला सभासद करून घेण्याचे नाकारले होते. म्हणजे ज्या विषयात रोगी नेहमी स्त्रीच असते, त्या विषयाच्या विद्वानांनी स्त्रीला सर्वांत कठोरपणे अडविले.

याचे कारण केवळ अहंकार नव्हे. त्या काळच्या व्यवसायाचा हिशेब पाहिला म्हणजे ते उलगडते. खेडोपाडीच्या वा पेठेतल्या सामान्य डॉक्टरचा जम बसे तो बाळंतपणांवर. ज्याने घरातील पहिले बाळंतपण सुखरूप पार पाडले तोच पुढे त्या घराचा डॉक्टर होई. मुलांचे गोवर, सासूचा दमा, यजमानांचा संधिवात हे सारे त्याच्याकडे चालत येई. ते दार स्त्रियांना मोकळे झाले तर पाठोपाठ सारे घरच जाईल, ही भीती होती. विनयाची भाषा पुष्कळ बोलली गेली, पण पोटाचा प्रश्न तिच्याखाली होता. कायद्याने १८७६ मध्येच परीक्षा-मंडळांना स्त्रियांस घेण्याची मोकळीक दिली आणि १८७७ मध्ये डब्लिनच्या वैद्यकमंडळाने ती अमलात आणली, तेव्हा ही कोंडी फुटली.

हिंदुस्थानात मात्र याच दाराला वेगळी कडी होती आणि ती आतून लावलेली होती. येथील स्त्री परपुरुषास अंग दाखविण्यापेक्षा मरण पत्करी. उत्तरेत पडदा, दक्षिणेत गोषा. आपल्याकडे पडदा नसला तरी संकोच होताच. मद्रासच्या वैद्यक महाविद्यालयाने १८७५ मध्येच मेरी शार्लीब आणि आणखी तिघींना प्रवेश दिला होता. पुढे शार्लीबबाईंनी मद्रासेत जे इस्पितळ उभारले ते नावानिशी ‘जातिवंत व गोषा स्त्रियांसाठी’ होते. १८८१ च्या सुमारास पन्नाच्या महाराणीने आपला निरोप एका लहानशा लॉकेटात मावेल इतका बारीक लिहवून एलिझाबेथ बीलबी या मिशनरी स्त्री-डॉक्टरबरोबर व्हिक्टोरिया राणीकडे पाठविला. हिंदी स्त्रिया आजारात किती सोसतात, हे तिला कळवायचे होते. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी हंटर कमिशनपुढे स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. मुंबईत जॉर्ज किट्रेज नावाचा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बेंगाली या दोघांनी फंड उभा केला. १८८३ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज मुलींसाठी उघडले आणि त्याच वर्षाअखेर एडिथ पेची मुंबईत उतरली. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा फंड निघाला. १८८६ मध्ये पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगीचे इस्पितळ सुरू झाले. तेथे रोगीही स्त्रिया आणि डॉक्टरही स्त्रिया. एडिंबरोत जिची शिष्यवृत्ती हिरावली गेली, जिच्या अर्जापुढे परीक्षक पळून गेले, ती पेची या इस्पितळाची मुख्य झाली. १९०५ पर्यंत ती येथे राहिली. समान कामास समान वेतन, हे तिने कधी सोडले नाही.

याच १८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या. त्यांचे चरित्र मराठी वाचकांस तोंडपाठ आहे, तेव्हा त्याची पुनरुक्ती नको. एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसच जगले. ज्या मुलीने स्वतः बाळंतिणीच्या खोलीतून रिकाम्या हाताने बाहेर पडणे अनुभवले होते, ती सात समुद्रांपलीकडे जाऊन चरक-सुश्रुतांची सूतिकागारे इंग्रजीत मांडीत होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात त्यांची नेमणूक झाली. ती स्त्रियांच्या विभागावर. ते काम हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या पुण्यात वारल्या. वय अवघे एकवीस.

‘स्त्रियांच्या विभागावर’ या शब्दांशी जरा थांबावेसे वाटते. डफरिन फंड, कामा इस्पितळ, संस्थानांची जनाना इस्पितळे यांनी हजारो बायकांचे प्राण वाचविले, यात संशय नाही. परंतु स्त्रियांना वैद्यकात प्रवेश मिळाला तो कोणत्या युक्तिवादाने? ‘बुद्धी समान आहे, म्हणून शिकू द्या’ असे फार थोडे म्हणाले. ‘रोगी पडद्यात आहेत, म्हणून डॉक्टर बायका हव्यात’ असे सारे म्हणाले. प्रवेश डॉक्टरच्या हक्कावर नव्हता. तो रोग्याच्या लज्जेवर होता. जो प्रवेश लज्जेच्या आधारावर मिळतो, त्याची सीमाही लज्जाच आखते. पुरुषांच्या वॉर्डात स्त्री-डॉक्टरचे काय काम? सैन्यात काय काम? न्यायवैद्यकात काय काम? अशा रीतीने ज्या वाटेने ती आत आली, तिच्याच दोन्ही बाजूंस भिंती उभ्या राहिल्या.

त्या वाटेवरही ती मालकीण नव्हती. जिल्ह्याच्या जनाना इस्पितळातील स्त्री-डॉक्टरच्या डोक्यावर सिव्हिल सर्जन असे. तो इंडियन मेडिकल सर्व्हिसचा अधिकारी, म्हणून पुरुष. कारण त्या सेवेत स्त्रियांना घेतच नसत. प्रसूतीचा शेकडो वेळा अनुभव असलेल्या बाईने आयुष्यात मोजकी बाळंतपणे पाहिलेल्या साहेबाची संमती घ्यावी, असा हा प्रकार. त्याविरुद्ध हिंदुस्थानातील स्त्री-डॉक्टरांनी १९०७ मध्ये आपली संघटना केली आणि पुरुषांच्या बरोबरीची सेवा मागितली. १९१४ मध्ये ‘विमेन्स मेडिकल सर्व्हिस’ निघाली तेव्हा प्रारंभीच्या जागा होत्या पंचवीस. एवढ्या खंडप्राय देशाला पंचवीस! आणि ही सेवाही सरकारी खाते नव्हते. सरकारी अनुदानावर ती डफरिन फंडाच्या व्यवस्थेखाली चाले. १८९५ पासून सुरतेस स्त्रियांच्या इस्पितळाची धुरा वाहणाऱ्या डॉ. रखमाबाईंनी पुढे या सेवेचे निमंत्रण नाकारले आणि राजकोट संस्थानच्या जनाना इस्पितळात जाणे पसंत केले. बालपणीच्या लग्नाचा खटला चालला तेव्हा तुरुंगात जावयास तयार झालेली ही बाई. ती कोणाच्या मर्जीखाली राहावयास राजी होणे कठीणच होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिखाण वकिली ठरेल. विलायतेत इस्पितळांच्या शस्त्रक्रिया-विभागांत बायकांना जागा मिळत नसत. त्या हिंदुस्थानात आल्या आणि येथील जनाना व मिशन इस्पितळांत त्यांना पोटाच्या मोठमोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. दुसरे कोणी नव्हतेच. लुधियान्यास एडिथ ब्राउन यांनी १८९४ मध्ये मुलींसाठी वैद्यकशाळा काढली, तीही याच परंपरेतील. अरुंद खोली खरी, पण तिच्यात त्या निदान हात चालवावयास शिकल्या. तथापि हा लाभ प्रथम गोऱ्या बायकांच्या वाट्यास आला. हिंदी स्त्री-डॉक्टर तेथेही मदतनीसच राहिली. स्त्री म्हणून एक पायरी खाली आणि हिंदी म्हणून आणखी एक.

ही दुसरी पायरी जिने ओलांडली तिचे नाव आपल्याकडे विसरले गेले आहे, म्हणून तिच्याविषयी चार शब्द अधिक लिहितो. डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म १८९० मध्ये शिमोग्याचा. त्या बेने इस्रायल समाजातील. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या या ज्यू लोकांची घरची भाषा मराठी. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. त्या अकरा वर्षांच्या असताना थोरली बहीण अत्यवस्थ झाली आणि कामा इस्पितळात डॉ. अ‍ॅनेट बेन्सन यांच्या उपचारांनी वाचली. त्या मुलीने तेव्हाच ठरविले की आपण डॉक्टर व्हायचे, आणि याच इस्पितळाचे मुख्य व्हायचे. लहानपणी अशा गोष्टी सगळीच मुले ठरवितात. फरक एवढाच की हे इस्पितळ तेव्हा विलायती बायकांच्या ताब्यात होते आणि हिंदी मुलीला तेथे वरची जागा मिळणे शक्य दिसत नव्हते.

१९१२ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या एल. एम. अँड एस. झाल्या. पुढच्याच वर्षी आपल्या समाजातील स्त्रियांचे ‘बेने इस्रायल स्त्री मंडळ’ त्यांनी स्थापन केले. विलायतेस जाण्यासाठी पैसा हवा होता. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली होती. तिचा लाभ घेणाऱ्या पहिल्या विद्यार्थ्यांत डॉ. फ्रेनी कामा ही स्त्री-डॉक्टर होती, हे त्या उद्योगपतीच्या दृष्टीचे गमक मानावे. झिराडबाईंनाही टाटांचे कर्ज मिळाले, नंतर सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि पहिले महायुद्ध पेटले असताना त्यांनी लंडनमध्ये अध्ययन केले. १९१९ मध्ये प्रसूति व स्त्रीरोग या विषयांत त्या लंडनच्या एम. डी. झाल्या. हे यश मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परत आल्यावर काही काळ दिल्ली, मग बंगलोर, आणि १९२५ पासून कामा इस्पितळात मानद शस्त्रवैद्य. १९२८ मध्ये त्या इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. त्या पदावरील पहिल्या भारतीय. १९४७ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले.

झिराडबाईंचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम मात्र पदाचे नाही. मुंबई शहरात बाळंतपणात बायका का मरतात याची त्यांनी पद्धतशीर चौकशी केली आणि तिचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर म्हटले की सूतिकाज्वराने गेलेल्या मुलींची गणती कोणी ठेवली नाही. ती गणती ठेवावयास, आणि प्रत्येक मृत्यूपुढे ‘टळला असता काय?’ असा प्रश्न मांडावयास, खोलीची किल्ली आणि शास्त्राची किल्ली एकाच हाती यावी लागली. वैजिणीजवळ पहिली होती, सिव्हिल सर्जनजवळ दुसरी.

१९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८४ मध्ये त्या निवर्तल्या. तोवर विलायतेतही पुष्कळ पाणी वाहून गेले होते. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सला पहिली स्त्री-फेलो मिळाली ती १९११ मध्ये, एलिनॉर डेव्हिस-कोली. प्रसूतिशास्त्रज्ञांचे स्वतंत्र कॉलेज १९२९ मध्ये निघाले आणि १९४९ मध्ये हिल्डा लॉइड त्याच्या अध्यक्षा झाल्या. १८७६ मध्ये परीक्षक राजीनामे देऊन निघून गेले त्याला तेव्हा त्र्याहत्तर वर्षे झाली होती. पण ज्या कॉलेजाकडे तो परवान्याचा अर्ज गेला होता, त्या शस्त्रवैद्यांच्या कॉलेजाच्या अध्यक्षपदी स्त्री बसावयास २०१४ साल उजाडावे लागले. एका शाखेत समता आली म्हणजे शेजारच्या शाखेत ती आपोआप सरकत नाही, हे या दोन सनांतील अंतर सांगते.

आपल्याकडेही तसेच आहे. वैद्यकाच्या वर्गांत आज मुलींची वाण नाही. पदव्युत्तर प्रवेशाची वेळ आली की घराघरांत बैठक बसते. गेल्या वर्षी देवळाच्या पालखीनंतर मंडपात आमच्या नात्यातील एका मुलीला वडीलधारी मंडळी समजावीत होती. तिला अस्थिरोगाची शस्त्रक्रिया शिकावयाची होती. एक काका म्हणाले, “हाडे बसवायला जोर लागतो गो, ते पुरुषांचे काम. तू आपली स्त्रीरोग घे. बायका तुझ्याकडेच येतील.” काकांच्या बोलण्यात आपुलकीच होती. शेजारी बसलेली आजी, जिची पाच बाळंतपणे घरीच वैजिणीच्या हातून झाली, ती इतका वेळ फुलांच्या परडीतील पाकळ्या निवडीत होती. तिने मान वर न करताच विचारले, “आणि आडवे आलेले मूल फिरवायला जोर लागत नाही, असे तुला कोणी सांगितले?”

काका काही बोलले नाहीत. मुलीने मात्र त्याच आठवड्यात अर्ज भरला; पहिल्या पसंतीच्या रकान्यात अस्थिशल्य, दुसऱ्या पसंतीच्या रकान्यातही अस्थिशल्य, फक्त महाविद्यालय वेगळे.